चुलीतली वावरं

चहाचं भगोनं उतरवताना सत्यभामाबाईंच्या हातातलं फडकं सरकलं आणि भगोनं चुलीच्या काठावर आदळलं. आवाज काही मोठा झाला नाही. चहा सांडला नाही, हात भाजला नाही, पडवीत तूर पाखडत बसलेल्या सुनेनं, शालूनं, सूप थांबवलं नाही. पण चुलीचा काठ तळहाताएवढा निघून राखेत पडला आणि आतून लाल दिसलं. विटेचा लाल नव्हे. उंद्री गावाच्या बरडावर असतो तो, मुरमाचा, पाय भाजणारा लाल. त्याला चिकटून काळं. काळ्याच्या पोटात चुनखडीचे पांढरे खडे, डाळीत राहून गेलेल्या गारेसारखे. दोन वर्षं रोज सकाळी सत्यभामाबाई या चुलीला पोतेरं देत आल्या होत्या. सुनेला हात लावू देत नव्हत्या. शेजारपाजारच्या बाया म्हणत, सासूचा जीव चुलीत आहे, सुनेच्या हाती काही दे म्हणावं. म्हणू दे. पोतेऱ्याचे थर एकावर एक बसत गेले होते आणि बाईंना वाटत होतं, आता आतलं आत राहील.

हातातलं फडकं हिरव्या काठाचं होतं. तेही त्यांनी आज पहिल्यांदाच पाहावं तसं पाहिलं.

आज इतवार. आणि आज झुंबर येणार होती. पंजाबराव मास्तरांनी परवाच सांगून ठेवलं होतं, "काकू, शेतांच्या नावांची पुस्तिका आता छापायला जाईल. झुंबरबाईंना बोलावलंय. तलावात गेलेल्या अकरा वावरांची नावं तेवढी राहिलीत. आठवली तर आठवली, नाहीतर सरकारी नंबर टाकून मोकळं व्हायचं." मास्तर सहज बोलून गेले आणि बाईंनी सुपारी कातरता कातरता हूं म्हटलं. आठवली तर आठवली. झुंबरला नावं अशी आठवत नसत, हे त्या दोघांना माहीत होतं. तिच्या हातात माती आली की नाव तोंडात यायचं. नाव आलं की त्याच्यामागून त्या वावरात घडलेलं सगळं यायचं, कोण कोणाशी भांडलं, कोणाचा बैल बसला, कोणती बाळंतीण धुऱ्याच्या बांधावर मोकळी झाली. रिकाम्या हाताची झुंबर म्हणजे नुसती म्हातारी. आणि तलावाखालच्या अकरा वावरांची माती आता जगात एकाच ठिकाणी होती. ती कुठं, हे एकट्या सत्यभामाबाईंना ठाऊक होतं.

निदान त्यांना तसं वाटत होतं.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हा चिखलीत इतिहास मंडळ निघालं. निघालं म्हणजे काय, पंजाबराव मास्तरांच्या डोक्यातून निघालं आणि भगवंतरावांच्या, बाईंच्या मालकांच्या, बैठकीत येऊन बसलं. मालक भाजीच्या मळ्याचे धनी, दिलदार माणूस. म्हणाले, पुढची खोली घ्या. वर्षाच्या आत मालक गेले, खोली मंडळाकडे राहिली आणि मंडळ बाईंकडे राहिलं. बाई दोन बुकं शिकलेल्या. ताम्रपट म्हणजे तांब्याचं पातेलं नव्हे एवढं त्यांना कळत होतं आणि त्याहून जास्त कळून घ्यायची हौस नव्हती. पण माणसं राबतात ती कशावर, हे त्यांना मास्तरांपेक्षा जास्त कळत होतं. म्हणून पहिल्याच सभेत त्यांनी पदराआडून ठणकावलं होतं, "कागदाचं तुम्ही पाहा मास्तर, कार्यकर्त्यांचं मी पाहीन. उपाशी मानूस इतिहास कायचा गोळा करते? पोरगं हाकलल्यावानी हाकलसान तर दोन महिन्यात कोनी दिसनार नाई." आणि खरंच पाहिलं. शेषराव चपराशी निवृत्त झालेला, जुनी नाणी शोधत गावोगाव फिरायचा. त्याच्या दम्याला अडुळशाचा काढा बाई स्वतः करून द्यायच्या. कोणी खेड्यावर निघालं की फडक्यात भाकर, ठेचा, वर कांदा. परत आल्यावर पाय धुवायला ऊन पाणी. तालुक्याबाहेरचे लोक विचारत, तुमचे कार्यकर्ते टिकतात कसे? मास्तर स्वयंपाकघराकडे बोट दाखवत. बाई मनातल्या मनात चार बोटं उंच व्हायच्या.

आता त्या उंचीवरून खाली पाहावंसं वाटत नव्हतं. चुलीसमोर उकिडवं बसून त्या पडलेला तुकडा जागेवर बसवू पाहत होत्या, तो बसत नव्हता. शेण कालवलं, तर हात थांबला. झाकायची सवय हाताला किती लागली आहे, आपण ठरवायच्या आत हात कालवायला लागतो. बाईंनी बोटं कोरडी पुसली. हिरव्या काठाच्या फडक्याला.

झुंबर मंडळात आली ती मास्तरांच्या मागून. मास्तर उंद्रीला कोरलेला दगड शोधायला गेले होते. दगड काही कोणाला माहीत नव्हता. कपाशीत निंदत असलेली एक बाई उभी राहून म्हणाली, "गोट्याचं मले नाई माईत गुर्जी. वावराइचं इचारा." आणि उभ्या उभ्या चाळीस वावरांची नावं सांगितली. चाळीस वर्षं मजुरीनं ती शिवारं निंदत, वेचत आली होती. स्वतःच्या मालकीची ओंजळभर जमीन नव्हती आणि शंभर वावरांची जन्मकथा पाठ. मास्तर वेडावले. म्हणाले, इतवारी चिखलीला या, लिहून घेतो. ती आली तेव्हा कमरेच्या पिशवीत सात गाठी होत्या. जुन्या लुगड्यांच्या चिंध्या, प्रत्येकीत मूठभर माती. हिरवा काठ म्हणजे उंद्री, तांबडा म्हणजे पलीकडचं खेडं, काळा पट्टा म्हणजे तलाव होणार होता ते शिवार. तिचा हिशेब तिला ठाऊक. बाईंनी विचारलं होतं, "माती काऊन आनली वं?" तर म्हणाली, "रिकाम्या हातानं मंडळात कसं यावं बाई."

त्या दिवशी मास्तरांना शाळेचं काम निघालं होतं. पुढच्या इतवारी लिहू, म्हणाले. पुढच्या इतवारी नागपूरचं पत्र आलं होतं. त्याच्या पुढच्या इतवारी आणखी काही. झुंबर यायची. एस.टी. मिळाली तर एस.टी.नं, नाहीतर पायी, आणि दर खेपेला नव्या गाठी. आणि बाई काय करत होत्या? बाईंनी तिची सोय पाहिली. "आलीच आहेस तं खोली झाडून घे." "बसलीच आहेस तं मिरच्या निवड." शेषरावाला पाट आणि काढा, झुंबरला ओसरी आणि मिरच्या. उपाशी मात्र कधी जाऊ दिली नाही. हे शेवटचं बाई दोन वर्षं स्वतःला सांगत होत्या, आणि दर वेळी ते सांगितल्यावर तोंडात भाकरीचा घास मातीचा लागायचा. नुसता लागायचा नाही, दाताखाली करकरायचा. शालूला म्हणायच्या, पीठ नीट चाळत जा. ती बिचारी दोनदा चाळायची.

झुंबर वयानं बाईंपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असावी. बाईंनी तिला कधी झुंबरबाई म्हटलं नव्हतं. हे आत्ता, या तुटलेल्या काठासमोर, का आठवावं?

आणि मग ती माघाची सभा. नागपूरहून दोन विद्वान येणार होते, साठ पान उठणार होतं. नेमकी त्याच आठवड्यात बाईंची जुनी चूल मधोमध उकलली. चुलीच्या मातीसाठी गडी नदीवर धाडायचा तर गडी मांडव घालण्यात गुंतलेले. आणि मंडळाची खोली झाडताना कोपऱ्यातल्या पोत्यात हा ढीग. शंभराच्या वर गाठी. पाहुणे खोली पाहणार, ताम्रपट पाहणार, आणि कोपऱ्यात चिंध्यांचं गाठोडं? बाईंना तेव्हा काय वाटलं, ते त्या आजही तंतोतंत सांगू शकत होत्या. काहीच वाटलं नव्हतं. तीच गोष्ट टोचत होती. राग नव्हता, कपट नव्हतं. माती दिसली, चूल पाहिजे होती. गाठी सोडायला बसल्या तेव्हा पहिल्या पाच-सहा गाठींपर्यंत बोटांना जाणवत होतं की ही माती निराळी, ती निराळी; एक पिठासारखी, एक चिकट, एक बोटाला टोचणारी. मग नाही जाणवलं. घमेलं भरलं. भुसा टाकला, पाणी ओतलं, पायानं तुडवली, पण घाईत नीट तुडवली नाही. अख्ख्या तालुक्यात चुली घालण्यात जिचा हात धरणारी नाही म्हणत, तिनं तुडवण घाईत केली. चिंध्या टाकून देणं त्यांच्या हाताला माहीत नव्हतं. त्या धुऊन परसातल्या दोरीवर वाळत घातल्या. चांगली फडकी झाली. साठ पान उठलं. विद्वान म्हणाले, अन्न म्हणजे काय असतं ते आज कळलं. बाई दारामागं उभ्या होत्या, चार बोटं उंच.

झुंबरही त्या दिवशी आली होती. परसात पत्रावळी उचलायला.

पंधरा दिवसांनी फाल्गुनात गारा पडल्या. खोलीची दहा-बारा कौलं फुटली. मास्तर धावत आले, कागद शाबूत आहेत का पाहिलं, शाबूत होते, मग कोपऱ्याकडे पाहिलं. बाईंनी न विचारता सांगितलं. "भिजल्या. समदी माती वाहून गेली." इतकं सरळ निघालं तोंडातून. मास्तरांनी मान खाली घातली. त्यांच्या पुढच्या इतवारांचं ओझंही गारांनी वाहून नेलं असावं, कारण त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. झुंबरला मास्तरांनीच सांगितलं. ती ओसरीवर बसली होती. तिनं हातातल्या मिरच्यांचे देठ खुडून संपवले. मग म्हणाली, "माहीच चूक. जुन्या चिंध्या, त्या कायच्या तग धरतात. पुन्हा आनतो जमा करून." आणि आणल्या. साठीच्या पुढची बाई, दोन उन्हाळे फिरली. गुडघा धरला तेव्हा काठी घेतली. तीन मुठी इथून, दोन तिथून. काही वावरांच्या विहिरी झाल्या होत्या, काही विकली गेली होती, नव्या मालकानं धुऱ्यावरून हाकललं. मास्तर या वेळी लिहून घेत. फक्त काळ्या पट्ट्याची अकरा राहिली. तिथं आता पाणी होतं.

"आत्याबाई," शालू दारातून म्हणाली, "झुंबरमावशी आल्या. चहा ओसरीवर देऊ का?"

सत्यभामाबाईंनी चुलीकडे पाठ केली. पदर खांद्यावर घेतला, पुन्हा काढला, पुन्हा घेतला. अजून वेळ होता. शेणाचा गोळा लावायला किती वेळ लागतो? मास्तर येतील, म्हातारी डोकं खाजवील, नाही आठवत म्हणेल, नंबर छापले जातील. सर्व्हे नंबर एकशे बारा, एकशे तेरा. कोणाचं काय जाईल?

"आत पाठव," त्या म्हणाल्या.

"आत? इथं?"

"कानात बोळे घातले का वं? आत पाठव म्हनलं. अन् तू जाय मळ्यात, वांगे तोडून आन."

झुंबर उंबऱ्यापाशी थांबली. काठी बाहेर भिंतीला टेकवली. तिच्या कमरेला पिशवी नव्हती. आज आणण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं बाईंकडे पाहिलं, मग बाईंच्या मागं, मग तिची नजर खाली चुलीच्या काठाशी गेली आणि तिथं राहिली. बाईंनी वाक्य जुळवून ठेवलं होतं. असं झालं, त्या वेळी घाई होती, गडी नव्हते.

"फुटली का," झुंबर म्हणाली.

"फुटली." आणि मग बाईंनी एका दमात म्हटलं, "तुही माती आहे. गारांनी नाई नेली. मी नेली."

"हाव. माईत हाये."

बाई चुलीशी खाली बसल्या.

"त्याच दिशी समजलं बाई. पत्रावळी टाकाले परसात गेली तं दोरीवर माह्या चिंध्या वाळून राह्यल्या. हिरव्या, तांबड्या, काळ्या. धुतल्या मातर चांगल्या होत्या तुम्ही." झुंबर उंबऱ्यावरच खाली बसली, गुडघा हातानं उचलून सरळ केला. "मंग चुलीकडं पाह्यलं. नवीकोरी. अन् घरात पाव्हने बसेल. तथी काय बोलाव."

"मंग नंतर काऊन नाई बोलली? दोन वर्सं?"

"तुम्ही सांगसान म्हनून थांबली."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. बाई टोमण्याला तयार होत्या; आयुष्यभर टोमणे दिले होते, घेतले होते, त्याला उत्तर कसं करायचं ते माहीत होतं. म्हणजे दर इतवारी ही ओसरीवर बसायची, मिरच्या खुडायची, भाकर खायची, आणि थांबायची. आपण ठेचा वाढताना विचारायचो, आणखी पाहिजे का वं, आणि ती थांबलेली असायची. "माहीच चूक" म्हणाली होती तेव्हाही ती थांबलेलीच होती. तेव्हा आपल्याला दार उघडून दिलं होतं तिनं. आणि आपण म्हणालो होतो, बरोबर आहे, नवं फडकं घेत जा.

"मंग फिरली काऊन? गुडघा फुटस्तोवर?"

"नावं मंडळाले पाह्यजेत. तुमाले थोडीच." झुंबरनं हात पुढं केला. "द्या तो तुकडा इकडं."

बाईंनी राखेतला तुकडा दोन्ही हातांनी उचलून तिच्या तळव्यावर ठेवला. झुंबरनं तो उजेडाकडे धरला, नखानं खरवडला, लाल भुकटी दोन बोटांत चोळली, थोडी जिभेला लावली. "हे नाई. हे उंद्रीचं, हे झालं लिहून." काळ्यापाशी थांबली. चुनखडीच्या खड्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. तिचे ओठ हलायला लागले, जसं जात्याशी बसल्यावर हलतात.

"सुनरुसली," ती म्हणाली. "हे सुनरुसली. तलावाच्या मधात गेलं ते. नवी सून निंदाले आली होती अन् सासूनं समद्याइले दोन दोन भाकरी देल्ल्या, तिले एक. तोंडानं काई बोलली नाई ते. धुऱ्यावर जाऊन बसली, दिवस बुडेपर्यंत उठली नाई. तवापासून."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मास्तर अजून यायचे होते. हे नाव आता हवेत होतं. मिनिटात विरेल की राहील याचा भरवसा नव्हता. त्या उठल्या, मंडळाच्या खोलीतून हजेरीचं बुक आणि शिसपेन्सिल घेऊन आल्या आणि जमिनीवर बसून त्यावर ओणव्या झाल्या. सही सोडून वीस वर्षांत काही लिहिलं नव्हतं. सु काढला. न काढताना पेन्सिल कागदात रुतली. झुंबर पाहत होती. तिला वाचता येत नव्हतं.

मग बाईंनी उलथनं घेतलं आणि स्वतःच्या हातानं चुलीचा काठ खरवडायला घेतला. ढेपा सुटून येत होत्या. जिथं आच कमी लागली होती तिथल्या जशाच्या तशा होत्या, न तुडवलेल्या; बाईंची ती घाई, ती लाज, तेवढीच आता कामाला येत होती. झुंबर एकेक ढेप हातात घ्यायची. हे झालं. हे झालं. हे म्हसबुडी. हे जावयाची पट्टी, जावयानं कधी पाह्यली नाई. हे उपाशी बरड. हे दोन दिव्याचं. पाच झाली. मग आतली माती यायला लागली, जळून दगड झालेली, सगळी एका रंगाची. झुंबरनं ती खरवडली, हुंगली, जिभेला लावली आणि खाली ठेवली. दुसरी घेतली, ठेवली. बाई पेन्सिल धरून वाट पाहत होत्या.

"हे?"

"हे आता नाई सांगता येत."

"पाह्य ना अजून."

"बाई, हे शिजलं," झुंबर म्हणाली. "हे तुमच्या अन्नात गेलं."

पंजाबराव मास्तर आले ते चपला काढत, बोलतच. ओसरीवर कोणी नाही म्हणून आत डोकावले. उंबऱ्यात झुंबर, जमिनीवर काकू, मधे खरवडलेली चूल आणि मातीचे लहान लहान ढीग. त्यांनी हजेरीचं बुक उचललं. मोठी, वाकडी, एकमेकांवर चढलेली अक्षरं ओठ हलवत वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पाच? काळ्या पट्ट्याची? म्हणजे काही गाठी वाचल्या होत्या गारांतून? काकू, कुठं सापडल्या? पोत्याच्या तळाशी असतील."

त्यांनी वाक्यच तयार करून हातात दिलं होतं. नुसती मान हलवायची. झुंबरनं मान खाली घातली आणि बोटांची माती लुगड्याला पुसायला लागली. सावकाश, एकेक बोट. तिला सांगायचं नव्हतं. ती पुन्हा थांबली होती.

"गारांनी काई नेलं नव्हतं मास्तर," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मी चूल घातली त्याची. पाव्हन्याइच्या सैपाकाले. अन् खोटं बोलली. पाच निघाले, सहा नाई निघत."

मास्तरांनी बुक काखेत धरलं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. "चूक माझी आहे काकू. पहिल्याच इतवारी मी लिहून घेतलं असतं तर..."

"तुमची तुम्ही पाहा," बाई म्हणाल्या. "हे माही आहे. हिच्यात हात घालू नका."

मास्तरांनी खिशातून पेन काढलं, बुकातल्या पाच नावांखाली सहा रेघा ओढल्या आणि त्या रेघांवर काय लिहावं ते न कळून पेन तसंच धरून उभे राहिले. बाईंना त्या सहा रेघा दिसत होत्या. दोन्ही वेळच्या भाकरी, साठ पान, शेषरावाचा काढा, नातवंडांची खीर, सगळं त्या रेघांवर शिजून गेलं होतं. त्यांनी पाट ओढला आणि उंबऱ्यापाशी ठेवला.

"पाटावर बसा झुंबरबाई."

झुंबरनं पाटाकडे पाहिलं, मग बाईंकडे. बसली नाही. पाय लांब करून होती तशीच राहिली.

"मी खाली बरी हाये. गुडघा वाकत नाई," ती म्हणाली. "चहा ठेवा. मघाचा थंडा झाला असन."

"याच्यावर?"

"मंग कशावर? दोन वर्सं झाली, याच्यावरच पेतो मी."

बाईंनी उरलेल्या चुलीत दोन काड्या सारल्या, भगोनं ठेवलं. ते एका अंगाला कललं. त्यांनी राखेतला तुकडा उचलून त्याखाली लावला, लाल अंग आत करून. मग फुंकणी घेतली आणि तोंडाला लावली. मागं उंबऱ्यावर झुंबर बसली होती, तिच्या मागं मास्तर उभे होते, आणि आत विस्तवाचा एक ठिपका अजून धुगधुगत होता. फुंकलं की हेही शिजणार. बराच वेळ त्यांच्याच्यानं फुंकर घालवली नाही.